सलोनिका प्रांताची खानेसुमारी

विलायत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लंडन शहर उभे राहते. विलायतेहून आलेला बॅरिस्टर, विलायती कापड, विलायती चिंच, असा या शब्दाचा आपल्याकडील संसार आहे. परंतु हा शब्द मूळचा अरबी असून त्याचा साधा अर्थ राज्यकर्त्याच्या अमलाखालील मुलूख असा होतो. उस्मानी तुर्कांच्या साम्राज्यात प्रांताला याच नावाने, 'विलायेत' म्हणून, ओळखत असत. आज ज्या विलायतेची माहिती आपण करून घेणार आहोत ती साहेबाची नव्हे, सुलतानाची आहे. तिचे नाव सलोनिका. तुर्क तिला 'सेलानिक' म्हणत. आज तिचे मुख्य शहर ग्रीस देशात असून त्याचे नाव थेसालोनिकी असे आहे.

दुसरा शब्द याहूनही आपल्या जवळचा आहे. या सलोनिका बंदरात जहाजावरील ओझी पाठीवर वाहून नेणाऱ्या माणसास जे नाव होते ते आपल्या प्रत्येक बाजारपेठेत आजही ऐकू येते. ते नाव 'हमाल'. तुर्की बोलणारा, ग्रीक बोलणारा, स्पॅनिश बोलणारा, सर्वजण त्याला हमालच म्हणत. फर्मान, सराफ हे शब्दही तिकडे होते आणि इकडेही आहेत. तेव्हा प्रांत परका असला तरी त्याचा बाजार आपल्याला अगदीच अनोळखी वाटू नये.

आम्ही इतिहासाचे पदवीधर नाही. यंत्रमाग कामगारांत आणि हमालांत काम करीत असताना, सभा संपल्यावर आणि मोर्चा निघण्यापूर्वी जे वाचावयास मिळाले त्यावरच आमचे शिक्षण झाले. अशा माणसाने शंभर वर्षांपूर्वी मोडलेल्या एका परक्या प्रांतातील लोकसंख्येचा विषय का घ्यावा, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येईल. त्याचे उत्तर आम्ही शेवटी देऊ. आधी प्रांत पाहू.

प्रांत आणि त्याची गणती

१८६७ साली सुलतानाने आपल्या कारभाराची नवी घडी बसविताना सलोनिकेचा विलायेत निर्माण केला. त्याचे तीन मोठे भाग होते: सलोनिका, सेरेस आणि द्रामा. दक्षिणेस एजियन समुद्र, उत्तरेस डोंगर, आणि मधून वार्दार व स्त्रुमा या नद्यांची सुपीक खोरी. सेरेसच्या मैदानात धान्य आणि कापूस पिके. द्रामा व कावाला या बाजूची तंबाखू साऱ्या युरोपात नावाजलेली होती. समुद्रात शिरलेल्या एका चिंचोळ्या भूशिरावर आथॉस नावाचा पर्वत आहे. तेथे वीस मठ असून स्त्रियांना प्रवेश नाही. त्या मठांतही बहुतेक ग्रीकांचे, पण एक रशियनांचा, एक बल्गरांचा व एक सर्बांचा अशी वाटणी होती. संसार सोडलेल्या माणसांचीसुद्धा जर अशी वाटणी, तर संसारी माणसांची किती असेल, याची कल्पना यावरून करावी.

१८८१-८२ च्या सुमारास सुलतानाने शिरगणती सुरू केली. ती १८९३ पर्यंत रेंगाळली. तिच्यात सलोनिका प्रांताची लोकसंख्या सुमारे १० लक्ष भरली. त्यांत मुसलमान सुमारे साडेचार लक्ष, ग्रीक पावणेतीन लक्ष, बल्गर सव्वादोन लक्ष आणि यहुदी ३७ हजार. उरलेले कॅथॉलिक, आर्मेनियन वगैरे थोडे.

हे आकडे वाचले की चित्र स्पष्ट झाल्यासारखे वाटते. चार जाती, चार आकडे, बेरीज झाली. पण येथेच फसगत आहे. आपल्याकडेही त्याच १८८१ साली इंग्रज सरकारने सबंध हिंदुस्थानची एकाच वेळी खानेसुमारी केली, आणि प्रत्येक माणसास धर्म, जात व भाषा विचारली. सुलतानाने भाषा विचारलीच नाही. त्याच्या राज्यात माणूस 'मिल्लत'मध्ये मोजला जाई. मिल्लत म्हणजे एका धर्मपीठाखालील लोकांचा समुदाय. लग्न, वारसा, शाळा यांसारख्या पुष्कळ बाबी त्या त्या मिल्लतीच्या धर्मगुरूंकडे सोपविलेल्या होत्या. सरकारला हवे होते ते एवढेच, की हा माणूस कोणाच्या वहीत आहे. तेव्हा वर जे 'ग्रीक' आणि 'बल्गर' म्हणून सांगितले ते वंश नव्हेत आणि भाषाही नव्हेत. ती धर्मपीठांची नावे आहेत. हा एक मुद्दा ध्यानात ठेवला म्हणजे पुढील सर्व गोष्टींचा उलगडा होतो.

रकान्याच्या आत

आता एकेक रकाना उघडून पाहू. मुसलमानांचा रकाना सर्वांत मोठा. त्यात तुर्की बोलणारे शेतकरी, अंमलदार आणि जमीनदार होते. मेंढरे घेऊन डोंगरावर चढणारे-उतरणारे युरूक होते. द्रामा, नेव्रोकोप या बाजूच्या डोंगरांत पोमाक होते. त्यांची भाषा बल्गर आणि धर्म इस्लाम. पिढ्यान्‌पिढ्या ते नमाज पढत, आणि घरी आईशी बोलत ते शेजारच्या ख्रिस्ती शेतकऱ्याच्याच बोलीत. मेग्लेन भागात नान्ती नावाचा एक मोठा गाव होता. तेथील लोकांची भाषा रुमेनियनच्या कुळातली आणि धर्म मात्र इस्लाम. साम्राज्याचे लचके तुटत गेले तसे गमावलेल्या मुलखांतून पळून आलेले निर्वासित मुसलमानही येथेच येऊन राहिले.

आणि याच रकान्यात 'दोन्मे' होते. यांची हकीकत विलक्षण आहे. सतराव्या शतकात सब्बताई झ्वी नावाच्या एका यहुद्याने आपण तारणहार असल्याचे जाहीर केले. हजारो लोक त्याच्या मागे लागले. १६६६ साली सुलतानापुढे उभे केल्यावर त्याने इस्लाम स्वीकारला. त्याच्या काही भक्तांनी गुरूचे अनुकरण केले, आणि १६८३ साली सलोनिकेत शेकडो कुटुंबे एकदम मुसलमान झाली. ते मशिदीत जात, पण लग्ने आपसांतच करीत आणि जुन्या गुरूची आठवण घरात जपीत. 'दोन्मे' म्हणजे फिरलेले. यहुदी त्यांना आपले मानीत नसत आणि मुसलमान त्यांच्यावर पुरता विश्वास ठेवीत नसत. तरी व्यापारात आणि नव्या शाळा काढण्यात ते शहरात पुढे होते.

आता ख्रिस्त्यांकडे वळू. फार दिवसांपर्यंत सर्व सनातनी ख्रिस्ती लोक एकाच मिल्लतीत, 'रूम' या नावाने, गणले जात, आणि कॉन्स्टँटिनोपलचा ग्रीक महाधर्माध्यक्ष त्यांचा प्रमुख असे. त्यांत समुद्रकाठचे ग्रीक बोलणारे कोळी, व्यापारी आणि शेतकरी होते. पण आतल्या प्रदेशातील स्लाव बोली बोलणारे शेतकरीही होते, आणि डोंगरातले, रुमेनियनसारखी भाषा बोलणारे, मेंढपाळ व्लाखही होते. देवळात प्रार्थना ग्रीकमध्ये, घरात बोली निराळी. याचे कोणास विशेष वाटत नसे. लॅटिन मंत्र म्हणणारा वसईचा कोळी घरी मराठी बोलतच होता. तसेच ते.

मग १८७० साली सुलतानाने फर्मान काढून बल्गरांना स्वतंत्र धर्मपीठ दिले. त्याच्या प्रमुखास 'एक्झार्क' म्हणत. त्या फर्मानाच्या दहाव्या कलमात असे होते की, ज्या भागातील दोन-तृतीयांश ख्रिस्ती लोक मागणी करतील तो भाग या नव्या पीठाकडे जाईल. १८७२ साली ग्रीक महाधर्माध्यक्षाने नव्या पीठास पाखंडी ठरविले. झाले. त्या दिवसापासून प्रत्येक खेड्यापुढे एकच प्रश्न उभा राहिला: तुम्ही कोणाचे? ज्या खेड्याने जुने पीठ धरले ते सरकारी वहीत 'ग्रीक' झाले, ज्याने नवे धरले ते 'बल्गर' झाले. बोली तीच, शेत तेच, सोयरीक तीच. एक भाऊ ग्रीक व दुसरा बल्गर, असे एका घरातही घडले. किल्किश गावी तर १८५९ साली लोकांनी ग्रीक धर्मगुरूस कंटाळून काही काळ रोमच्या पोपशी संधान बांधले होते. म्हणजे कॅथॉलिक हा तिसरा रकाना तयार झाला. पुढे १९०५ साली व्लाख लोकांनाही सुलतानाने निराळी मिल्लत म्हणून मान्यता दिली. रकाने असे वाढत गेले, लोक मात्र तेच होते.

शाळामास्तर, पाद्री आणि आकडेशास्त्री

हे घडत कसे होते? ब्रेल्सफर्ड नावाचा एक इंग्रज पत्रकार १९०३-०४ च्या हिवाळ्यात मदतकार्यासाठी या मुलखात हिंडला आणि १९०६ साली त्याने मॅसिडोनियावर पुस्तक लिहिले. हाच ब्रेल्सफर्ड पुढे आपल्या सविनय कायदेभंगाच्या काळात, १९३० साली, हिंदुस्थानात आला होता आणि आपल्या बाजूने त्याने लिहिले. शेजारच्या मोनास्तिर प्रांतातील बाजारात त्याला एक शेतकरी भेटला. तुमचा गाव कोणता, ग्रीक की बल्गर, असे विचारता तो म्हणाला, की आता बल्गर आहे, चार वर्षांपूर्वी ग्रीक होता. कारणही त्याने सरळ सांगितले. गाव गरीब. ग्रीक मास्तराच्या पगाराचा अर्धा भार गावावर होता. पाद्री अनेक गावांत मिळून एकच, आणि तोही वेळेवर येत नसे. तक्रार केली तर बिशपने दाद घेतली नाही. बल्गरांनी फुकट मास्तर आणि गावातच राहणारा पाद्री देऊ केला. मग आम्ही बल्गर झालो!

या शेतकऱ्यास कोणी हसू नये. पोराला शाळा हवी आणि मढ्याला पाद्री हवा, हा त्याचा हिशेब आपल्या कोणत्याही खेड्यातील माणसाचा हिशेब आहे. दहा लक्ष फ्रँक मिळाले तर सारा मॅसिडोनिया फ्रेंच करून दाखवीन, अशी प्रौढी एका फ्रेंच वकिलाने मारल्याचेही ब्रेल्सफर्डने नमूद केले आहे. थट्टेतला भाग सोडला तरी त्यात सत्य होते. अथेन्स, सोफिया, बेलग्रेड, बुखारेस्ट, सर्वांचा पैसा येथे शाळांच्या रूपाने येत होता. शाळेमागून बंदूकही आली. ग्रीक टोळ्या बल्गर गावांवर, बल्गर टोळ्या ग्रीक गावांवर जाऊ लागल्या. मास्तर व पाद्री यांचे खून पडू लागले. शाळा निवडण्याची मोकळीक होती तेथे प्राणाची किंमत आली.

या सर्वांच्या पाठोपाठ आकडेशास्त्री आले. सलोनिका, मोनास्तिर व कोसोवो या तीन प्रांतांत पसरलेल्या मॅसिडोनियाचे त्यांनी दिलेले आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. सीमा प्रत्येकाने थोड्याफार निराळ्या धरल्या होत्या, हे खरे, पण त्याने एवढा फरक पडत नाही. कंचोव या बल्गर अभ्यासकाने १९०० साली ११ लक्ष ८१ हजार बल्गर मोजले आणि सर्ब फक्त ७००. गोप्चेविच या सर्ब लेखकाने १८८९ साली २० लक्ष ४८ हजार सर्ब मोजले आणि बल्गर साडेसत्तावन्न हजार. डेलियानिस या ग्रीकाने १९०४ साली साडेसहा लक्ष ग्रीक व ३ लक्ष ३२ हजार बल्गर मोजले, आणि सर्बांचा त्याने उल्लेखही केला नाही. १९१४ सालच्या कार्नेगी समितीच्या अहवालात हे आकडे एकत्र दिलेले आहेत. माणसे तीच, गावे तीच. कोणी बोली मोजली, कोणी देऊळ मोजले, कोणी शाळा मोजली, आणि प्रत्येकाने आपल्याला हवे ते मोजले. आकडा खोटा नसतो असे म्हणतात. पण आकडा ज्या प्रश्नाचे उत्तर असतो तो प्रश्न कोणी विचारला, हे पाहिल्याशिवाय आकड्यास खरेही म्हणता येत नाही.

शहर आणि त्याचे हमाल

आता शहरात येऊ. १९१३ साली, म्हणजे तुर्कांची सत्ता जाऊन ग्रीकांची आल्यावर, ग्रीक सरकारने शहराची गणती केली. एकूण १,५७,८८९ लोकांत यहुदी ६१,४३९, तुर्क ४५,८६७, ग्रीक ३९,९५६ आणि बल्गर ६,२६३ भरले. जुन्या गणतीत सबंध प्रांतात यहुदी ३७ हजार होते, येथे एका शहरातच ६१ हजार झाले. मधल्या वीस-पंचवीस वर्षांत शहर वाढले होते, आणि करांच्या व लष्करभरतीच्या धास्तीने जुन्या वह्यांत पुष्कळांची नावे चुकलेली होती.

युरोपातील एका मोठ्या बंदरात यहुदी सर्वांहून अधिक, हे कसे घडले? १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने यहुद्यांना देशाबाहेर काढले. सुलतानाने त्यांना आपल्या राज्यात थारा दिला. पुष्कळ जण सलोनिकेस आले. ते येताना विणकाम घेऊन आले. सुलतानाच्या जानिसारी फौजेला लागणारे लोकरी कापड कित्येक पिढ्या सलोनिकेच्या यहुद्यांनी विणले, आणि कराच्या जागी कापड भरले. त्यांनी आणलेली स्पॅनिश भाषाही टिकली. हिब्रू लिपीत लिहिलेली ही जुनी स्पॅनिश म्हणजे 'लादिनो'. बंदरावर ती इतकी चाले की इतर धर्मांचे लोकही कामापुरती ती शिकत.

यहुदी म्हटले की सावकार, अशी जी समजूत आपण पुस्तकांतून घेतो ती येथे गळून पडते. सलोनिकेत यहुदी पेढीवाले होते, पण बंदरावरचे हमालही यहुदी, तांडेलही यहुदी, मासेमारी करणारेही यहुदी, आणि तंबाखू निवडणाऱ्या मुलीही यहुदी होत्या. म्हणून या बंदराचा एक नियम जगावेगळा होता. शनिवारी बंदर बंद. यहुद्यांचा विसाव्याचा दिवस शनिवार असल्यामुळे कोणत्याही राष्ट्राचे जहाज येवो, माल उतरत नसे. ख्रिस्त्यांचा रविवार आणि मुसलमानांचा शुक्रवार निराळा.

सुट्टीचा दिवस म्हणजे केवळ धर्माचा प्रश्न नव्हे, हे गिरणगाव ज्याने पाहिले त्याला सांगावयास नको. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी १८९० साली रविवारची सुट्टी मिळविली. रविवार हा साहेबाचा वार खरा, पण खंडोबाचाही वार आहे, हे त्यांनी पुढे केले. देवाचा वार आणि थकल्या शरीराचा वार एकच झाला म्हणजे मागणी बळकट होते. सलोनिकेच्या हमालांचा शनिवार असाच होता. त्यामागे देव होता, आणि बंदरावरची त्यांची ताकदही होती.

मात्र या ताकदीस एक मर्यादा होती. कामे धर्मवार वाटलेली होती. हमाल एका धर्माचे, गाडीवान दुसऱ्या, बागवान तिसऱ्या. एका धंद्याचा संप झाला की दुसऱ्या धर्माची माणसे आणून तो मोडता येई. मालकास खानेसुमारीचे रकाने तोंडपाठ असतात, हे आमच्या धंद्यातील पहिले सत्य आहे.

१९०८ आणि चार भाषांचे पत्र

जुलै १९०८ मध्ये तरुण तुर्कांनी क्रांती केली. तिचे केंद्र सलोनिका हेच होते. सुलतानास १८७६ ची बाजूस सारलेली राज्यघटना पुन्हा अमलात आणावी लागली. रस्त्यात पाद्री आणि मौलवी एकमेकांस आलिंगन देऊ लागले. डोंगरातल्या टोळ्या शस्त्रे ठेवून शहरात आल्या. त्याच ऑगस्ट-सप्टेंबरात साम्राज्यभर संपांची लाट उसळली, शंभराहून अधिक संप झाले. सलोनिकेत तंबाखूचे आणि रेल्वेचे कामगार उतरले. नवे सरकार घाबरले. त्याने आधी तात्पुरता आणि १९०९ साली कायमचा कायदा करून रेल्वे, बंदर अशा सार्वजनिक सेवांत कामगार संघ स्थापण्यास मनाई केली. स्वातंत्र्य देणाराच वर्षाच्या आत संघटनेचे स्वातंत्र्य काढून घेतो, हा अनुभव त्यांनाही आला.

या काळात अव्राम बेनारोया हा बल्गेरियातून आलेला तरुण यहुदी सलोनिकेत काम करीत होता. १९०९ साली त्याने व त्याच्या सोबत्यांनी 'सोशालिस्ट कामगार फेडरेशन' स्थापन केले. 'फेडरेशन' हे नाव हौसेखातर नव्हते. धर्म व भाषा विसरा, मग संघटनेत या, असे त्यांनी कामगारास सांगितले नाही. प्रत्येक समाजाचा आपल्या भाषेत चालणारा विभाग असावा, आणि सर्व विभागांचे मिळून एक मंडळ असावे, अशी ती रचना होती. त्यांचे पत्र चार भाषांत निघाले: लादिनो, बल्गर, ग्रीक व तुर्की. चारही भाषांत पत्राचे नाव एकच, कामगारांचे वृत्तपत्र. १९०९ चा मे दिन त्यांनी पाळला. पुढे आंतरराष्ट्रीय समाजवादी संघटनेनेही त्यांना मान्यता दिली.

येथे टाळ्या पडाव्यात असे हे चित्र आहे. पण आम्ही ते अर्धेच दाखविले तर अप्रामाणिकपणा होईल. ग्रीक आणि तुर्की आवृत्त्या थोड्याच अंकांत बंद पडल्या. ग्रीक कामगार फारसे आलेच नाहीत. बल्गर समाजवाद्यांत फूट पडली. शेवटी फेडरेशन मुख्यतः यहुदी कामगारांचे राहिले. बेनारोयाला सरकारने हद्दपार केले. याहून बोचणारी गोष्ट पुढची आहे. १९०८ च्या अखेरीस ऑस्ट्रियाने बोस्निया गिळंकृत केला तेव्हा ऑस्ट्रियाच्या मालावर बहिष्कार पुकारला गेला, आणि बंदरकामगारांनी तो माल उतरविला नाही. एकजुटीचे ते मोठे दर्शन होते. पण क्रीट बेटाचा वाद पेटल्यावर, १९०९ ते १९११ या काळात, तेच हत्यार ग्रीकांच्या जहाजांवर आणि मग ग्रीकांच्या दुकानांवर चालले. ज्यांनी ते चालविले ते आपल्या देशाभिमानाने भारावलेले होते. एकजुटीचा हात कोणाविरुद्ध उचलला जातो हे आधी ठरवावे लागते, नाहीतर तो शेजाऱ्यावरच पडतो.

रकान्यात बसविलेली माणसे

ऑक्टोबर १९१२ मध्ये बाल्कन युद्ध पेटले. नोव्हेंबरात ग्रीक सैन्य सलोनिकेत शिरले. दुसऱ्याच वर्षी जेते आपसांत लढले, किल्किश जळून गेले, आणि ऑगस्ट १९१३ च्या बुखारेस्टच्या तहाने प्रांताचे तीन तुकडे झाले. मोठा भाग, सलोनिका-सेरेस-द्रामा-कावाला, ग्रीसकडे गेला. पेत्रिच, मेल्निक, नेव्रोकोप हा डोंगराळ भाग बल्गेरियाकडे. गेव्गेलिया, दोइरान, कावादार्त्सी ही बाजू सर्बियाकडे. ती आज उत्तर मॅसिडोनियात आहे. ऑगस्ट १९१७ मध्ये शहरात मोठी आग लागून सुमारे ७० हजार लोक बेघर झाले. त्यांत बहुसंख्य यहुदी होते.

आणि मग ३० जानेवारी १९२३ रोजी लोझान येथे ग्रीस व तुर्कस्तान यांनी एक करार केला. ग्रीसमधील मुसलमानांनी तुर्कस्तानात आणि तुर्कस्तानातील ग्रीक सनातनी ख्रिस्त्यांनी ग्रीसमध्ये जावे. हे ऐच्छिक नव्हते, सक्तीचे होते. थोडे अपवाद सोडून सुमारे १२ लक्ष ख्रिस्ती आणि साडेतीन ते चार लक्ष मुसलमान यांची अशी अदलाबदल झाली. युद्धाच्या धामधुमीत आधीच पळालेले ख्रिस्तीही त्यांतच धरलेले आहेत.

कसोटी कोणती? भाषा नव्हे, इच्छा नव्हे. सुलतानाच्या शिरगणतीचा तोच जुना रकाना: धर्म. सुलतान गेला, पण त्याची वही राहिली. अनातोलियातील, तुर्कीवाचून दुसरी भाषा न येणारे ख्रिस्ती 'ग्रीक' म्हणून जहाजात बसले. क्रीट बेटातील, ग्रीकच बोलणारे मुसलमान 'तुर्क' म्हणून निघाले. नान्ती गावचे रुमेनियन बोलणारे मुसलमान गेले. दोन्मेही गेले, कारण सरकारी कागदावर ते मुसलमान होते. आधी माणसे पाहून रकाने आखले होते. आता रकाने पाहून माणसे हलविली.

ओसाड पडलेल्या मुसलमान मोहल्ल्यांत अनातोलियाचे निर्वासित आले. १९२४ साली ग्रीक सरकारने रविवारची सुट्टी सक्तीची केली, आणि हमालांचा शनिवार संपला. कित्येक यहुदी हमाल पुढे हैफा बंदरात कामास गेले. राहिले त्यांनी नव्या निर्वासितांबरोबर संसार मांडला. मे १९३६ मध्ये तंबाखू कामगारांच्या संपात पोलिसांच्या गोळीबाराने सुमारे बारा माणसे मेली. त्यांत ख्रिस्ती होते आणि यहुदीही होते. ज्यांना कोणत्याही वहीने एकत्र लिहिले नव्हते ते तेथे एकत्र पडले.

शेवट सांगणे जड जाते, पण सांगितला पाहिजे. १९४१ साली जर्मन सैन्य आले. डिसेंबर १९४२ मध्ये यहुद्यांचे जुने विस्तीर्ण दफनस्थान खणून टाकले गेले. आज त्या जागेवर विद्यापीठ उभे आहे. मार्च ते ऑगस्ट १९४३ या काळात ४५ हजारांहून अधिक यहुद्यांना आगगाड्यांत भरून ऑश्विट्झला नेले, आणि त्यांतील बहुतेकांना पोचताच मारले. परत आले ते दोन हजारांच्या आसपास. बेनारोया वाचला. १९५३ साली तो इस्रायलमध्ये गेला आणि १९७९ साली वारला. चार भाषांत पत्र काढणारा माणूस गेला तेव्हा त्या शहरात जवळजवळ एकच भाषा ऐकू येत होती.

आमची यादी

आता सुरुवातीस राहिलेल्या प्रश्नाचे उत्तर. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका यंत्रमाग कारखान्यात आमची युनियन होती. मालकाच्या कचेरीने आमच्याकडे कामगारांची यादी मागितली: नाव, खाते, मूळ गाव, भाषा, धर्म. कारण सांगितले ते सणाच्या उचलीचे. कोणाला दिवाळीत द्यावयाची, कोणाला ईदेला, हे कळावे म्हणून. मागणी रास्त वाटली. आम्ही रात्र जागून, पट्टीने रेघा मारून ती यादी केली. पुढे काही महिन्यांनी गावात दोन समाजांत तेढ वाढली आणि कारखान्यात कपात निघाली. कपातीची नावे वाचताना आम्हास कळले, की ती सेवेच्या मुदतीप्रमाणे नाहीत, खात्याप्रमाणेही नाहीत. ती आमच्या शेवटच्या रकान्याप्रमाणे होती. एक वयस्क विणकर आमच्याकडे आला. भांडला नाही. एवढेच म्हणाला, "भाऊ, माझं नाव तुमच्याच अक्षरात आहे."

त्यानंतर आम्ही सलोनिकेचे वाचन सुरू केले. प्रांतात कोण कोण राहतात हे विचारू नये, असे आमचे म्हणणे नाही. विचारल्याशिवाय कोणास शाळा नाही, कोणास पाणी नाही, हेही कळणार नाही. पण ज्याला विचारता त्याला एकाहून अधिक उत्तरे देण्याची मुभा असली पाहिजे. पोमाकास आपली बोलीही सांगता यावी आणि नमाजही. आणि लिहून घेणाऱ्याने लिहिण्यापूर्वी विचारावे, की ही वही उद्या कोणाच्या हाती जाणार. खानेसुमारीतला 'खाना' म्हणजे फारसीत घर. सलोनिकेत घरे मोजता मोजता रकानेच तेवढे उरले आणि घरे गेली. आमच्या युनियनच्या वहीत त्या दिवसानंतर नाव, खाते आणि वर्गणी, एवढेच तीन रकाने आहेत. उचल कोणत्या सणास हवी, हे ज्याचे त्याने तोंडी सांगावे.